चेहरा दिसला की भानगड

न्यूड फोटो म्हटलं की लोकांना वाटतं सगळी भानगड कपड्यांची आहे, पण पोर्ट्रेट फोटोग्राफीचा इतिहास जरा चाळला ना की कळतं, खरी भीती कायम चेहऱ्याची होती. 1839 ला डागेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत आली आणि थोड्याच वर्षांत पॅरिसच्या स्टुडिओंमधे नग्न फोटो निघायला लागले, त्यांना नाव काय तर 'अकादमी', म्हणजे चित्रकारांच्या अभ्यासासाठी बरं का! मॉडेल बहुतेक वेळा निनावी. अंग चालेल, नाव नको.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त अडकवून ठेवतात ते ई. जे. बेलॉकचे फोटो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधे स्टोरीव्हिल नावाचा भाग होता, तिथे 1897 ते 1917 वेश्याव्यवसाय उघड चालायचा. बेलॉक पोटापाण्यासाठी जहाजं, मशिनरी वगैरेचे फोटो काढायचा आणि 1912 च्या आसपास त्याने तिथल्या बायकांचे पोर्ट्रेट काढले, कोणी कपड्यात कोणी बिनकपड्यात, पण पोझ अशी की ओळखीच्या माणसासमोर बसल्यात. एक बाई आडव्या पट्ट्यांचे मोजे घालून टेबलापाशी बसलीये, शेजारी दारूची बाटली, हातातल्या छोट्या ग्लासकडे बघतीये, बस्स. बेलॉक 1949 ला गेला, नंतर 89 काचेच्या निगेटिव्ह प्लेट सापडल्या, फोटोग्राफर ली फ्रीडलँडरने त्या विकत घेऊन प्रिंट केल्या आणि 1970 ला न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधे लावल्या. आता गंमत बघा, काही प्लेटवर बाईचं अख्खं शरीर शाबूत आहे आणि चेहरा तेवढा खरवडून काळा केलाय. कोणी केला यावर अजून वाद आहे.

चेहरा सोडला तर दुसरी अडचण साधी होती, रोल धुवायला द्यायचा कुणाकडे? लॅबवाला बघणारच. म्हणून 1948 ला पोलरॉइड बाजारात आला ही टेक्निकल वाटणारी गोष्ट इथे फार मोठी आहे, फोटो तिथल्या तिथे हातात, मधला माणूस गायब.

अमेरिकन फोटोग्राफर रॉबर्ट मेपलथॉर्पची केस बऱ्याच जणांना माहीत असते, तो 1989 ला गेला आणि 1990 ला त्याच्या प्रदर्शनावरून सिनसिनाटीच्या आर्ट सेंटरवर आणि तिथल्या डायरेक्टरवर अश्लीलतेचा खटला झाला, ज्युरीने दोघांना निर्दोष सोडलं. गाजली खूप, पण माझ्या मते त्याच सुमाराची फोटोग्राफर सुनील गुप्ताची 'एक्झाइल्स' ही फोटोंची सिरीज जास्त बोलते. 1986-87 मधे दिल्लीतले गे पुरुष, पूर्ण कपड्यात, इंडिया गेटसारख्या सगळ्यांच्या ओळखीच्या जागी, फोटोत आक्षेप घ्यावं असं काहीच नाही आणि तरी कित्येकांनी मान फिरवलेली, कारण तेव्हा कलम 377 होतं, सुप्रीम कोर्टाने संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं ते थेट 2018 ला.

आणि मग साउथ आफ्रिकेतल्या झानेले मुहोली यांची 'फेसेस अँड फेझेस' ही सिरीज, 2006 पासून चालू. कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स माणसं, ब्लॅक अँड व्हाइट, सरळ कॅमेऱ्यात बघणारी. शेकडो चेहरे, एकही खरवडलेला नाही. प्रदर्शनात हे फोटो ओळीने लावतात तेव्हा मधेमधे भिंतीवर मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, काही अजून न काढलेल्या फोटोंसाठी, काही आता नसलेल्या माणसांसाठी.