सर्वांत छोटी रांग शोधू नका

भाचीचा निकाल दुपारी एकला लागणार होता. पावणेएकपासून आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात चार मोबाइल चार्ज करून तयार. एक वाजला आणि चारही पडद्यांवर तेच गोल फिरणारं चक्र. शेजारचे काका वैतागले, "इतकी पोरं बघणार हे ठाऊक असतं ना? मग दहा सर्व्हर जास्त लावायला काय होतं?"

हा समज मला जागोजागी भेटतो. सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालवणारी यंत्रं, वाढवले तरी 'निकाल दाखवा' अशी आलेली प्रत्येक विनंती कुणाकडे धाडायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारा तो लोड बॅलन्सर. त्याचा अंदाज चुकला तर दहातले तीन सर्व्हर मान टाकतात आणि सात रिकामे बसतात.

सोपी रीत पाळीपाळीची. पण कामं सारख्या वजनाची नसतात. जड कामं एकाच्याच वाट्याला आली की पाळी असूनही तो तुंबतो. मग वाटतं, ज्याची रांग सर्वांत छोटी त्याच्याकडे पाठवावं. यात मोठा धोका आहे. मोठ्या व्यवस्थेत लोड बॅलन्सरही अनेक असतात आणि प्रत्येकाजवळची माहिती थोडी जुनी असते. सिंहस्थात भोंग्यावरून पुकारलं, 'रामकुंडावर गर्दी आहे, दसकचा घाट मोकळा आहे', तर पंचवटीतला सगळा लोंढा दसककडे वळेल. तो तिथे पोचेपर्यंत 'मोकळा' ही बातमी शिळी झालेली असेल. सर्व्हरचंही तसंच होतं. एक मोकळा दिसला की सगळे बॅलन्सर त्याच्यावरच ओततात, तो बुडाला की पुढच्यावर.

मग डोळे मिटून कुठेही पाठवायचं का? हे घरी करून बघता येतं: घर म्हणजे सर्व्हर, दाणा म्हणजे विनंती. चक्र फिरतच होतं, म्हणून मी हाऊजीचा 90 घरांचा बोर्ड आणि वाटीभर शेंगदाणे काढले. पिशवीतून आकडा काढायचा, त्या घरात दाणा ठेवायचा, आकडा परत पिशवीत. असं 90 वेळा. घरं 90, दाणे 90, पण घराला एक असं कधीच होत नाही. सुमारे 33 घरं कोरडी राहतात आणि एखाद्या घरात चार-पाच दाणे साचतात. नशिबाची वाटणी अशीच असते, त्यात कुणाचा दोष नाही.

आता एकच बदल करा. प्रत्येक वेळी दोन आकडे काढा, फक्त तीच दोन घरं बघा आणि जिथे दाणे कमी तिथे ठेवा. उरलेल्या 88 घरांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

एवढ्याशा बदलाने काय होतं, ते मला आजही थक्क करतं. समजा, शेवटी एक चतुर्थांश घरांत दोन किंवा जास्त दाणे आहेत. एखाद्या घरात तिसरा दाणा पडायचा तर निघालेली दोन्ही घरं आधीच तशी भरलेली हवीत. त्याची शक्यता फार तर चतुर्थांशाचा चतुर्थांश, म्हणजे 1/16. चौथ्यासाठी 1/16 चा वर्ग, 1/256. पाचव्यासाठी 1/65,536. दर पायरीला वर्ग होत जातो, म्हणून ढीग उभाच राहू शकत नाही. अझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल या संगणकशास्त्रज्ञांनी 1994 साली हे गणिताने मांडलं: घरांची संख्या n असेल (आणि log म्हणजे लॉगॅरिथम, n भराभर वाढला तरी सावकाश वाढणारा आकडा) तर सर्वांत मोठा ढीग एका निवडीत log n भागिले log log n या गतीने वाढतो, दोन निवडींत फक्त log log n च्या गतीने. तीन घरं बघितली तर आणखी फायदा होतो, पण थोडाच. खरी उडी एकावरून दोनवर जाण्यात आहे.

दाणे घरातच राहतात, सर्व्हरवरची कामं मात्र येत-जात राहतात. अशा रांगांचा हिशोब 1996 साली केला, अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ मिट्झेनमाखर यांनी आणि त्याच वर्षी रशियन गणितज्ञांनी. सर्व्हर पुष्कळ आहेत आणि 99 टक्के वेळ कामात आहेत असं धरा. विनंत्या नशिबावर वाटल्या तर एका कामाला सरासरी त्याच्या स्वतःच्या वेळाच्या 100 पट वेळ लागतो. दोन रांगा बघून धाकटी निवडली तर साधारण साडेपाच पट. यंत्रं तेवढीच! शिवाय प्रत्येक वेळी वेगळ्याच दोन रांगा निघतात, म्हणून सगळा लोंढा एकाकडे वळत नाही. एनजिनएक्स आणि एचएप्रॉक्सी या नेहमीच्या वापरातल्या प्रणालींत ही रीत आज तयार मिळते. म्हणून 'एआयवर चालणारा' लोड बॅलन्सर विकायला कुणी आलं, तर आधी या दोन रांगांशी तुलना करून दाखवायला सांगावं.

एक गोष्ट मात्र कुठलाच बॅलन्सर करू शकत नाही. सगळे सर्व्हर शेवटी एकाच डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, विचारत असतील तर तुंबा तिथे होतो, आणि तो बॅलन्सरला सोडवता येत नाही. आणि आपण अधीरपणे रिफ्रेश करतो तेव्हा मागची विनंती अनेकदा आत चालूच असते, वर नवी पडते. आमच्या नात्यात ऑनलाइन अर्जही राहुकाळ टळल्यावरच भरतात. राहूचा सर्व्हरशी काही संबंध नाही. उलट थांबलेले सगळे एकाच मिनिटाला अर्ज भरू लागले की गर्दी त्यांचीच होते.

साडेतीनला निकाल दिसला. भाची पास झाली, पेढे आले. पण ती दोन आकड्यांचा डाव अर्धा सोडून उठायला तयार नव्हती. शेवटचा दाणा ठेवून तिने बोर्ड मोजला: पाच घरांत तीन-तीन दाणे, चार कुठेच नाहीत.