नकली यंत्राचं खरं घड्याळ

जुन्या यंत्राचा एम्युलेटर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला बसलं की एक मोह हमखास होतो. आतल्या प्रोग्रामने वेळ विचारली, की आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळात बघून सांगून टाकायची. सोपं वाटतं, पण सगळं इथेच बिघडतं.

१९८९ साली आलेला निन्टेंडोचा गेम बॉय घ्या. त्याच्या मुख्य घड्याळाचे सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके पडतात, म्हणजे बरोबर २ चा २२ वा घात. पडद्यावरचं एक चित्र पूर्ण व्हायला ७०,२२४ ठोके लागतात. आजचा प्रोसेसर एवढं काम झटक्यात उरकतो आणि पुढच्या चित्राची वेळ होईपर्यंत नुसता थांबून राहतो. अशा वेळी बाहेरचं घड्याळ आत नेलं, तर आतल्या प्रोग्रामला काळ आधी गोठल्यासारखा दिसेल आणि मग एकदम उडी मारेल. म्हणून आतला काळ फक्त ठोक्यांत मोजायचा. प्रोग्रामच्या एखाद्या आज्ञेला ८ ठोके लागत असतील, तर ती राबवली की काळ ८ ने पुढे. खेळ थांबवून तुम्ही तासाभराने परत आलात, तरी आत एकही ठोका पडलेला नसतो.

खरी मजा यानंतर आहे. गेम बॉयच्या प्रोग्रामला टायमरची दोन मोजणारी रजिस्टरं (चिपमधल्या आकडा ठेवायच्या छोट्या जागा) दिसतात. 'डिव्ह' सेकंदाला १६,३८४ वेळा वाढतं. 'टिमा'चा वेग चारांपैकी एक निवडता येतो, आणि ते २५५ च्या पुढे गेलं की इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा, येतो. साहजिकच आपण एम्युलेटरमध्ये दोघांसाठी दोन वेगळी व्हेरिएबल्स (आकडा साठवायची नावं) ठेवतो, आणि बरेचसे खेळ त्यावर चालतातही. पण चिपमध्ये मुळात दर ठोक्याला एकने वाढणारा एकच १६ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा १६ घरांचा, काउंटर आहे. डिव्ह म्हणजे त्याचेच वरचे ८ बिट. टिमा त्या काउंटरच्या एका ठरावीक बिटावर नजर ठेवून असतं आणि तो १ वरून ० वर उतरला, की एकने वाढतं.

सेकंदाला ४,०९६ चा वेग निवडला असेल, तर हा बिट ५१२ किमतीचा. समजा काउंटर ६०० वर आहे, म्हणजे बिट १ आहे. एरवी तो १,०२४ व्या ठोक्याला उतरला असता. इतक्यात प्रोग्रामने डिव्हमध्ये काहीतरी लिहिलं. लिहिलेला आकडा कुठलाही असो, अख्खा काउंटर शून्य होतो. बिट उतरतो आणि टिमा ४२४ ठोके आधीच वाढतं! तेच काउंटर ३०० वर असताना केलं, तर टिमा जागचं हलत नाही. दोन व्हेरिएबल्सवाल्या एम्युलेटरमध्ये हे वागणं अपवाद म्हणून वेगळं लिहावं लागतं. बिट उतरण्याची नक्कल केली, तर ते आपोआप मिळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की टायमरचे परिणाम पाठ करू नयेत, तो ज्या रचनेतून घडतो ती रचना उभी करावी.

अर्थात सगळंच फुकट मिळत नाही. टिमा २५५ ओलांडतं तेव्हा त्यात नवी किंमत लगेच भरली जात नाही. ४ ठोके ते शून्य दाखवतं, मग किंमत भरली जाते आणि इंटरप्ट येतो. त्या ४ ठोक्यांत प्रोग्रामने टिमामध्ये काही लिहिलं, तर दोन्ही रद्द. हा उशीर मुद्दाम मांडावाच लागतो.

दर ठोक्याला काउंटर तपासणं मात्र महागात पडतं. त्यापेक्षा हिशेब करून ठेवावा. टिमा २५० वर आणि काउंटर ६०० वर असेल, तर पहिली वाढ ४२४ ठोक्यांनी, पुढच्या ५ वाढी प्रत्येकी १,०२४ ठोक्यांनी, म्हणजे ५,५४४ ठोक्यांनंतर टिमा २५५ ओलांडणार. तोवर टायमरकडे बघायची गरज नाही. मध्येच कुणी रजिस्टर वाचलं, तर गेलेल्या ठोक्यांवरून उत्तर काढायचं, आणि कुणी लिहिलं तर हिशेब नव्याने मांडायचा. हे सगळं पूर्णांकांतच करावं. दशांशातली बारीक चूक लाखो ठोक्यांत साठत जाते.

बाहेरच्या काळाशी गाठ पडते ती शेवटी, पडद्यापाशी. गेम बॉय सेकंदाला सुमारे ५९.७३ चित्रं दाखवतो, आपला पडदा बहुधा ६०. पडद्याच्या तालावर चालवलं, तर खेळ तासाला साधारण १६ सेकंद पुढे जातो. डोळ्यांना ते कळत नाही, पण खेळाचा आवाज मूळ वेगानेच वाजवला तर आवाजाचे उरलेले नमुने (ज्या बारीक तुकड्यांतून आवाज बनतो ते आकडे) साचत जातात. म्हणून अनेक एम्युलेटर साउंड कार्ड जितके नमुने मागेल, तितके तयार होण्यापुरतेच ठोके पुढे सरकतात.