संकरित भाताचं बियाणं दरवर्षी नवं का?

मुरबाड-शहापूरकडे संकरित भात लावणाऱ्याला दर जूनमध्ये नवं बियाणं विकत आणावं लागतं. घरचं राखून पेरलं तर त्याच खाचरात काही रोपं आधी निसवतात, काही मागे राहतात. यात कंपनीचा डाव आहे असं अनेकांना वाटतं. कारण मात्र भाताच्या फुलातच आहे.

भाताच्या फुलात 6 पुंकेसर (परागकण देणारे नर भाग) असतात आणि ते स्वतःचंच बीज धरतं. दोन वाणांच्या संकरातून आलेल्या रोपाने असं स्वतःचं बीज धरलं की पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण वेगवेगळे विखुरतात, म्हणून संकर दरवर्षी नव्याने करावा लागतो. संकर करायचा तर आधी हे पुंकेसर निकामी हवेत. कापसात ते हाताने काढता येतात. 1970 सालचा गुजरातचा एच-4 असाच तयार होई. भातात एका फुलाला एकच दाणा, तिथे हे परवडणारच नाही. म्हणून मुळातच नरवंध्य, म्हणजे परागकण निकामी असलेलं, रोप लागतं.

असं रोप 1925 मध्ये कॅलिफोर्नियात कांद्यात सापडलं. तो गुण आईकडून, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा देणाऱ्या, केंद्रकाबाहेरच्या भागातून) पुढे जातो. आपल्याकडे अमेरिकेतून आलेल्या नरवंध्य वाणांवरच 1964 साली सीएसएच-1 ज्वारी आणि 1965 साली एचबी-1 बाजरी उभी राहिली. भाताला थांबावं लागलं. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या हैनान बेटावर भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना नरवंध्य रानभात मिळाला आणि 1976 पासून तिथे संकरित भाताची मोठी लागवड सुरू झाली.

त्या नरवंध्य भातात बिघडतं ते परागकोषाचं आतलं अस्तर, टॅपेटम. वाढत्या परागकणांना तेच पोसतं आणि काम झालं की विरून जातं. इथे डब्ल्यूए352 या जनुकाच्या प्रथिनामुळे ते वेळेआधीच मरतं आणि परागकण उपाशी राहतात. आयोडीन टाकलं की निरोगी परागकण स्टार्चमुळे काळे पडतात, हे मात्र पिवळट आणि सुरकुतलेलेच राहतात. प्रजननक्षमता परत आणणारी जनुकं बाप म्हणून वापरलेल्या दुसऱ्या वाणातून येतात, म्हणून शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरतो.

कोकणात ही विद्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने आणली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या या केंद्राचा ‘सह्याद्री’ 1998 चा. त्याची आई आयआर58025ए, फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची. या आईच्या संकरांचा भात शिजल्यावर थोडा चिकट होतो. मोकळ्या कोलमची सवय असलेल्या घरात हे खटकणारच.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भारतातले बहुतेक संकरित भात हैनानच्या त्याच रानभाताच्या वंशावर उभे आहेत. 1970 मध्येच अमेरिकेत टेक्सास नावाच्या एकाच नरवंध्य वंशावर बहुतेक मका होता. त्या वंशाला सहज लागणाऱ्या करप्याची साथ आली आणि सुमारे 15 टक्के पीक गेलं. इथे दुसरे वंश आणण्याला सरकारी संशोधनात पहिलं स्थान मिळायला हवं. वाट आहेही: तापमान वाढलं की नरवंध्य होणारे वाण. त्यांच्यात हा गुण केंद्रकातल्या जनुकांचा असतो, मायटोकॉन्ड्रियाचा संबंधच येत नाही.