लुप्त ध्वनिमुद्रणांची पुनर्प्राप्ती

कालबाह्य यंत्रांवर मुद्रित झालेला आवाज पुन्हा ऐकण्याजोगा करण्याचे तंत्र. सुरुवात माध्यम ओळखण्यापासून होते, कारण एका माध्यमावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

१९७० ते १९९० च्या दरम्यानच्या अनेक टेपांत लोहऑक्साइडचे कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. अशी टेप लावली की किंचाळते, गती मंदावते, हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकटा साचतो. ती लगेच थांबवावी. तशीच ओढली तर ऑक्साइडचा थर सोलून निघतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. तापमान काटेकोर राखणाऱ्या ओव्हनमध्ये ५० ते ५५ अंश सेल्सिअसला ८ तास किंवा अधिक काळ तापवल्यास ती काही आठवडे वाजते. तेवढ्यात प्रत काढून घ्यावी, चिकटपणा परत येतो. ॲसिटेटची टेप मात्र कधीही तापवू नये. रीळ उजेडासमोर धरले की तिच्या गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसतो. खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा वास येतो.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अल्कोहोलने विरघळतात. त्या ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबण घालून, लेबल कोरडे ठेवून धुवाव्यात. सुई सुमारे ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी; एलपीची २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासून नुसती खरखर देते. खाच झिजलेली असेल तर किंचित जाड किंवा बारीक सुई न झिजलेल्या भागाला टेकते, आणि गेला असे वाटलेला आवाज पुष्कळदा तिथेच सापडतो.

आवाज मुद्रित केलेल्या, तडा गेलेल्या मेणाच्या दंडगोलांना सुई लावण्यात धोका असतो. त्यांच्यासाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर व विताली फदेयेव यांनी खाचेच्या सूक्ष्म प्रतिमा घेऊन संगणकावर आवाज काढण्याची पद्धत विकसित केली. फ्रान्सच्या एदुआर-लेओं स्कॉट यांनी ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेली गाण्याची रेषा २००८ मध्ये अशाच प्रतिमेवरून ऐकता आली. स्कॉट यांचा हेतू आवाज केवळ डोळ्यांनी पाहण्याचा होता. आधी तो मुलीचा किंवा स्त्रीचा आवाज वाटला. शेजारी उमटलेल्या स्वरकाट्याच्या कंपनांचा अर्थ चुकीचा लावल्याने गती दुप्पट धरली गेली होती. ती निम्मी केल्यावर पुरुषाचा, बहुधा स्कॉट यांचाच, स्वर ऐकू आला.

गतीचा असा घोळ सर्रास होतो. ‘७८’ च्या तबकड्याही नेमक्या ७८ फेऱ्यांच्या असतीलच असे नाही. विजेच्या यंत्रांवरील मुद्रणात वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण शिरलेली असेल, तर मूळ गती तिच्यावरून ठरवता येते. म्हणून पहिली डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नमुने), २४ बिटवर, कोणतीही गाळणी न लावता घ्यावी. गुणगुण आणि खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून.