पुंगळी पितळेचीच का?

एनसीसीच्या फायरिंगला पालथं पडून पॉइंट टू-टू रायफलचा बोल्ट मागे ओढला, की काडतुसाची रिकामी, चिमुकली पिवळी पुंगळी टुणकन बाजूला पडायची. शेवटी सगळ्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्यायच्या. बार झाला की तिचं काम संपलं, असंच मला तेव्हा वाटायचं. पण बार उडण्याच्या त्या क्षणातलं सगळ्यांत नाजूक काम तीच करत असते.

दारू पेटली की पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेला, घट्ट चिकटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. दाब उतरताच तिने किंचित आकसायलाही हवं, नाहीतर ती आतच अडकून बसेल. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताच्या पितळेला हे दोन्ही छान जमतं. पोलाद स्वस्त, पण जवळजवळ दुप्पट ताठ. ते फुगल्यावर कमी आकसतं आणि गंजतं, म्हणून त्याला लेप द्यावा लागतो. ॲल्युमिनियम हलकं, पण त्याची पुंगळी सहसा पुन्हा भरत नाहीत. सरावाला ढिगाने गोळ्या लागतात, तिथे पोलादाचा विचार जरूर करावा. मोठ्या रायफलची पुंगळी पुन्हा भरून वापरायची असेल, तर मात्र पितळच घ्यावं. पॉइंट टू-टूला ती सोय नाही. तिची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते आणि बंदुकीतल्या पिनच्या टोल्याने ती कडच चेपते. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, ते याच पॉइंट टू-टूच्या रायफलवर.

पितळेचं एक दुखणं मात्र आपल्या पावसाळ्याने उघडकीस आणलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात गळ्याशी आपोआप तडकत. न उडवता, नुसती ठेवल्या जागी! कारणाचा उलगडा 1921 मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि गोळी आवळताना जिथे धातूत ताण राहून गेलेला असतो, नेमकी तिथेच चीर पाडतो. ताण, ओल आणि अमोनिया एकत्र आले की पितळ फाटतं.

उपाय पुण्याच्या तांबट आळीत कुणीही सांगेल. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला, की तांबट तो भट्टीत तापवून मऊ करतो. पुंगळीचा गळाही तसाच शेकतात. बूड मात्र कडकच ठेवतात, कारण तिथे चेंबरच्या भिंतीचा आधार कमी असतो. लष्करी काडतुसांच्या गळ्याशी अनेकदा निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या शेकण्याचाच डाग.