जंगलतोडीचे दोन हिशेब: कार्बनचा आणि पाण्याचा

इंदूरच्या राजेंद्रनगरात, सुदामानगरात किंवा रामबागेत एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याचा विषय निघाला, की दोन विधाने बहुधा एका दमात केली जातात: रस्ता रुंद करण्यासाठी मोठी झाडे तोडली म्हणून शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचा, गारवा गेला, आणि अ‍ॅमेझॉनचे जंगल तुटते आहे म्हणून जग तापते आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यांमागच्या भौतिक प्रक्रिया वेगळ्या आहेत, त्यांचा आवाका वेगळा आहे आणि हवामानाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाची नक्कल करणाऱ्या संगणकीय गणितात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी मांडल्या जातात. त्यांची गल्लत झाली, की संशोधनाचे निष्कर्षही चुकीचे वाचले जातात, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे आवश्यक वाटते.

कार्बनचा हिशेब तुलनेने सरळ आहे. झाडाच्या कोरड्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. झाड जळले किंवा कुजले, की तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो आणि साधारण वर्षभरात पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात मिसळतो. त्यामुळे तो ब्राझीलमधून आला, बोर्निओतून आला की सातपुड्यातून, याने तापमानवाढीत फरक पडत नाही. हा परिणाम हळूहळू साचतो आणि शतकानुशतके टिकतो. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक दशांश वाटा आज जंगलतोड आणि जमीनवापरातील बदल यांचा आहे.

पाण्याचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याकडे फार दुर्लक्ष होते. झाड मुळांनी खोलवरचे पाणी ओढते आणि पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडते. या वाफेसाठी लागणारी उष्णता पृष्ठभागातून घेतली जाते, जसे माठातले पाणी पाझरून वाळताना माठ गार होतो. दिवसाला १ मिलिमीटर पाण्याची वाफ होण्यासाठी दर चौरस मीटरमागे सरासरी २८ वॅट ऊर्जा खर्ची पडते. उष्णकटिबंधीय वर्षावनात रोज ३ ते ४ मिलिमीटर पाणी असे वर जाते, म्हणजे जवळजवळ १०० वॅट. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीवर पडणारा जादा ऊर्जेचा भार चौरस मीटरला सुमारे ४ वॅट असतो. मात्र हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत: वाफेने उचललेली उष्णता नाहीशी होत नाही, जिथे ढग तयार होतात तिथे ती पुन्हा हवेत सुटते. पाण्याचा हिशेब मुख्यतः उष्णता आणि ओलावा इकडून तिकडे नेण्याचा आहे, तर कार्बनचा हिशेब पृथ्वीच्या एकूण ऊर्जेत भर घालण्याचा.

याच दुसऱ्या हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात. दाट जंगल गडद असल्याने ऊन शोषते, तर गवताळ कुरण जास्त ऊन परत फेकते. म्हणजे जंगल तोडल्याने थोडा थंडावाही येऊ शकतो. शिवाय झाडांच्या शेंड्यांच्या उंचसखल छतामुळे जंगलावरची हवा घुसळली जाते आणि उष्णता वर निघून जाते, सपाट कुरणावर तसे होत नाही. उष्ण प्रदेशांत वाफेचे पारडे जड ठरते आणि तोडलेली जागा तापते. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशात उघड्या बर्फाचे परावर्तन वरचढ ठरते. हवामानशास्त्रज्ञ गोविंदस्वामी बाला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन्ही हिशेब एकाच मॉडेलमध्ये एकत्र चालवून पाहिले, तेव्हा उष्णकटिबंधातील जंगले काढल्यास जग तापले आणि उत्तरेकडील जंगले काढल्यास निव्वळ थंड झाले. ते जंगल तोडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. कोणते जंगल कुठे आहे, यावर बेरजेचे चिन्ह बदलते, एवढाच आहे.

म्हणून कोणताही अभ्यास वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा, की मॉडेलमध्ये काय बदलले होते. जगदीश शुक्ला, कार्लोस नोब्रे आणि पियर्स सेलर्स यांनी १९९० मध्ये केलेल्या गाजलेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडला हातही लावलेला नव्हता. त्यांनी फक्त अ‍ॅमेझॉनच्या जागी कुरण ठेवले. तरीही तापमान वाढले आणि पाऊस घटला, आणि पावसातली घट वाफेतल्या घटीपेक्षा मोठी होती, म्हणजे समुद्राकडून येणारा ओलावाही कमी झाला होता.

तोडीचा आकारही निर्णायक ठरतो. अ‍ॅमेझॉनच्या रोंडोनिया भागात सुरुवातीच्या छोट्या तोडीनंतर मोकळ्या पट्ट्यांवर उथळ ढग वाढलेले दिसले. पुढे तोड विस्तारली, तेव्हा वाऱ्याच्या एका बाजूला पाऊस वाढला आणि दुसऱ्या बाजूला घटला. छोट्या तोडीवरून मोठ्या तोडीचा अंदाज बांधणे त्यामुळे धोक्याचे आहे.

आपल्याकडे ही गल्लत भरपाईच्या वृक्षारोपणाच्या चर्चेत सर्वाधिक जाणवते. इंदूरजवळ रेवती रेंज येथे १४ जुलै २०२४ रोजी एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपे लावली गेली. कार्बनच्या हिशेबात ती रोपे कुठेही लावली असती तरी चालले असते, फक्त त्यांना वाढायला दशके लागतील. पाण्याच्या हिशेबात शहरातले एक जुने वडाचे झाड जिथे उभे होते तिथलीच सावली आणि वाफ मोजावी लागते, आणि ती दूरच्या रोपांनी भरून निघत नाही. भरपाईचे आकडे जाहीर होतात तेव्हा कोणता हिशेब भरला, हे नागरिकांनी आवर्जून विचारायला हवे.

मॉडेलकडूनही इथे भलती अपेक्षा ठेवता येत नाही. जागतिक मॉडेल पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचा एकत्रित हिशेब करते, आणि अशी एक चौकट बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असते. इंदूर, महू, देवास आणि उज्जैन अशा एकाच चौकटीत सामावतात, आणि रालामंडलची टेकडी किंवा चोरलचे जंगल त्यात वेगळे दिसतच नाही. भारतापुरता प्रश्न विचारायचा तर प्रादेशिक मॉडेल लागते. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये तसेच केले: झाडझाडोऱ्याच्या जागी शेती आल्यास काय होते ते तपासले, तेव्हा जमिनीवरून उठणारी वाफ घटली आणि तिच्यातून पुन्हा पडणारा मोसमी पाऊसही कमी झाला. हा घरचा ओलावा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जमीन भिजून वनस्पती वाढल्यावर, सर्वाधिक कामी येतो. माळव्यात सोयाबीनच्या शेंगा भरतात तो काळही हाच.