तीनशेच्या उंबरठ्यावरचा फलंदाज

२५ नोव्हेंबर २०११ च्या सकाळी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर ९४ धावांवर बाद झाला आणि त्याचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक सहा धावांनी लांबले. मुंबईकरांच्या आठवणीत त्या कसोटीतले ते ९४ पक्के बसले आहेत. त्याच सामन्याचा शेवट कसा झाला, हे मात्र पुष्कळांना थांबून आठवावे लागते. वास्तविक तो शेवट विलक्षण होता. पुढच्या दिवशी, सामन्याच्या अखेरच्या चेंडूवर भारताला विजयासाठी दोन धावा हव्या होत्या, एकच मिळाली, आणि दोन्ही संघांच्या एकूण धावा ७२४ वर समान राहून सामना अनिर्णित सुटला. संघ एका धावेने विजयाला मुकला आणि लोकांच्या लक्षात राहिल्या त्या एका फलंदाजाला कमी पडलेल्या सहा धावा. गोल आकड्याची माणसाच्या मनावरची पकड किती घट्ट असते, याचे याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

ही पकड मोजता येते का, हा प्रश्न मानसशास्त्रातला आहे. त्याचे एक नेमके उत्तर क्रिकेटमधून नव्हे, तर बेसबॉलमधून मिळाले. अमेरिकेत बेसबॉलची नोंदवही दीडशे वर्षांहून अधिक काळ काटेकोरपणे ठेवली जात आहे. पूर्वी बराच काळ १५४ आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १६२ सामन्यांच्या हंगामांत कोणत्या फलंदाजाने मिळालेल्या संधींचे काय केले, याचा हिशेब त्यात सापडतो. माणूस ध्येयाच्या जवळ आला की कसा वागतो, हे पाहायला एवढी मोठी प्रयोगशाळा सहसा मिळत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर फलंदाजापासून १८.४४ मीटरवर उभा असतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो, आणि तेवढ्या अवधीत त्याला ओळखून गोल दांड्याने टोलवायचे असते. हे इतके अवघड आहे की दहा संधींपैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर (तळावर) सुखरूप पोहोचणारा खेळाडू उत्तम मानला जातो. यशस्वी फटक्यांना संधींच्या संख्येने भागले की फलंदाजीची सरासरी मिळते. दहात तीन म्हणजे ०.३००, बोलीत ‘तीनशे’. आपल्याकडे शतकाला जो मान आहे, तोच तिथे हंगामाअखेरच्या तीनशेला आहे.

डेव्हिन पोप आणि उरी सायमनसन या दोन संशोधकांनी १९७५ ते २००८ या हंगामांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. हंगाम संपताना ०.३०० किंवा ०.३०१ सरासरी असलेले खेळाडू ०.२९८ किंवा ०.२९९ वर थांबलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. आलेखावर तीनशेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा दिसतो. निसर्गतः असा खड्डा पडण्याचे काहीच कारण नाही. तो माणसांच्या निर्णयांनी पडलेला आहे.

ते निर्णय कोणते, हे समजण्यासाठी बेसबॉलमधला आणखी एक नियम लक्षात घ्यावा लागतो. पिचरने फलंदाजासमोरच्या ठरावीक चौकटीबाहेर चार चेंडू फेकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिल्या तळावर फुकट चालत जाता येते. याला ‘वॉक’ म्हणतात. संघाच्या दृष्टीने वॉक मौल्यवान असतो, कारण फलंदाज बाद होत नाही आणि तळावर पोहोचलेला खेळाडू पुढे धाव करू शकतो. परंतु सरासरी काढताना वॉक हिशेबातच धरला जात नाही. ०.२९९ वरच्या खेळाडूला हंगामाच्या शेवटच्या संधीला वॉक मिळाला, तर तो ०.२९९ वरच राहतो. पोप आणि सायमनसन यांनी तपासलेल्या इतक्या वर्षांच्या नोंदींमध्ये ०.२९९ वर असताना शेवटच्या संधीला उभ्या राहिलेल्या खेळाडूंपैकी एकानेही वॉक घेतलेला नव्हता. एकानेही नाही, हे मला आजही थक्क करते. संघाला तळावर माणूस हवा आहे, चेंडू चौकटीबाहेरून जात आहेत आणि फलंदाज दांडा फिरवतच आहे, कारण त्याच्या मनातला हिशेब वेगळा आहे.

दुसरी नोंद नेतृत्वाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांनी नुकतीच तीनशेची रेषा ओलांडली होती, त्यांच्या जागी शेवटच्या संधीला दुसरा खेळाडू उतरवला जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. कोणाला कधी उतरवायचे, हा निर्णय बेसबॉलमध्ये मॅनेजरचा असतो. म्हणजेच आकडा जपण्याच्या कामात खेळाडूबरोबर त्याचा नेताही सामील होत होता.

आता ०.२९९ आणि ०.३०० यांत खरोखर किती फरक आहे, ते पाहू. पाचशे संधींत १५० फटके म्हणजे ०.३००, आणि १४९ फटके म्हणजे ०.२९८. हंगामभरात एका क्षेत्ररक्षकाचा हात चार बोटे कमी पोहोचला, तर खेळाडू रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. संख्याशास्त्र त्याहून पुढचे सांगते. एखाद्या फलंदाजाचे कौशल्य नेमके तीनशेचे आहे असे मानले, तरी पाचशे संधींमध्ये केवळ योगायोगामुळे त्याची सरासरी सुमारे ०.०२० ने वरखाली होणे अगदी स्वाभाविक आहे. तीनपैकी दोन हंगामांत ती ०.२८० ते ०.३२० या पट्ट्यात कुठेतरी असेल आणि उरलेल्या हंगामात पट्ट्याबाहेर. ज्या फुटपट्टीवर वीस अंशांपर्यंतचा फरक योगायोगाचा असू शकतो, तिच्यावर एका अंशाला पुरस्कार किंवा शिक्षा देणे शास्त्राला धरून नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ८९.८० टक्क्यांचे मूल आणि ९०.२० टक्क्यांचे मूल यांच्या घरी जे वेगवेगळे वातावरण असते, त्याचा विचार या अंगाने व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मग ध्येये ठेवूच नयेत का? तसे म्हणणे चुकीचे ठरेल. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके केलेल्या कामातून हे भक्कमपणे पुढे आले आहे की ‘जमेल तेवढे चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड, पण आवाक्यातले ध्येय दिले तर माणसे अधिक काम करतात. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले लॅथम यांचे एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायदेशीर क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल भरत होते. त्यांना ९४ टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट दिले गेले, आणि काही महिन्यांत भरणा नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन टिकला. मॅरेथॉनच्या नोंदींतही हेच बळ दिसते. सुमारे एक कोटी धावपटूंच्या वेळा तपासणाऱ्या एका अभ्यासात चार तासांच्या किंचित अलीकडे पोहोचणाऱ्यांची गर्दी किंचित पलीकडच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठी आढळली. शेवटच्या दोन किलोमीटरांत थकलेले पाय त्या आकड्याने पळवले होते.

ट्रकचालक आणि ०.२९९ वरचा फलंदाज यांच्यातला भेद मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. चालकाच्या बाबतीत जे मोजले जात होते, तेच हवे होते, आणि ते बहुतांशी त्याच्या हातात होते. फलंदाजाच्या बाबतीत संघाला हव्या होत्या धावा आणि मोजले जात होते फटके, आणि त्या दोहोंमधल्या फटीत वॉक हरवत होता. दोष आकड्याच्या निवडीत होता, आणि ती निवड नेत्याची असते.

ही फट ज्याच्या लवकर लक्षात आली, त्या नेत्याचे नाव ब्रँच रिकी. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरवून वर्णभेदाची भिंत पाडणारे म्हणून रिकी यांना जग ओळखते. त्याच वर्षी त्यांनी ॲलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाला संघाच्या पूर्णवेळ नोकरीत घेतले, हे तुलनेने कमी लोकांना ठाऊक असते. सरासरीऐवजी फलंदाज किती वेळा तळावर पोहोचतो, हे मोजावे, म्हणजे फटके आणि वॉक दोन्ही धरावेत, असा रॉथ यांचा आग्रह होता, आणि रिकी यांनी तो १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातून जाहीरपणे मांडला. तरीही ‘ऑन-बेस’ टक्केवारी अधिकृत आकडेवारीत यायला १९८४ साल उजाडले. सवयीचा आकडा माणसांच्या हातून सहजासहजी सुटत नाही.

२००२ मध्ये महाव्यवस्थापक बिली बीन यांच्या ओकलंड संघाने याच विचाराचा आधार घेऊन दुर्लक्षित खेळाडू निवडले. त्यांचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर होता आणि न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या तिपटीहून जास्त. दोघांनीही साखळीत १०३ सामने जिंकले. बाद फेरीत दोघेही पहिल्याच टप्प्यात हरले, कारण पाच सामन्यांच्या मालिकेत योगायोगाचा वाटा फार मोठा असतो.

मुंबईच्या मैदानांवर ध्येय कसे बांधायचे, याची समज जुनी आहे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करील, त्याला ते नाणे मिळे, आणि संपूर्ण सत्र तो नाबाद राहिला तर नाणे त्याचे. त्या पोराने अशी तेरा नाणी जमवली. या नाण्याची रचना पाहावी. त्यात पन्नास किंवा शंभर कुठेच नाही. किती धावा झाल्या, हे विचारले जात नाही. दमलेल्या शरीराने पुढचा चेंडू नीट पाहणे आणि नको तो सोडणे एवढेच तिथे मोजले जाते. पावसाळ्यात १९४८ पासून खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्येही ओल्या खेळपट्टीवरच्या तीस धावांचे मोल जाणकार मंडळी धावफलकाकडे न बघता करतात.

बेसबॉलमध्ये ‘नको तो सोडणे’ याचा सर्वांत मोठा उपासक टेड विल्यम्स होता. चेंडू ज्या चौकटीतून येतो, तिचे त्याने ७७ चेंडूंच्या आकाराचे भाग केले होते आणि प्रत्येक भागात आपली सरासरी किती राहील, याचा अंदाज मांडला होता. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ती ०.२३० पर्यंत उतरते, म्हणून तिथला चेंडू शक्यतो खेळायचाच नाही. १९४१ च्या हंगामात त्याने ०.४०० ची रेषा गाठत आणली होती. अखेरच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात दोन सामने होते आणि त्याच्या नावावर ४४८ संधींत १७९ फटके होते. भागाकार ०.३९९५५, नोंदीत मात्र तो ०.४०० असाच लिहिला गेला असता. मॅनेजर जो क्रोनिन यांनी त्याला हवे तर बाहेर बसण्याची मुभा दिली, पण निर्णय त्याच्यावर सोडला. विल्यम्स खेळला. पहिल्या सामन्यात पाचपैकी चार फटके बसल्यावर आकडा सुरक्षित झाला होता, तरी दुसऱ्या सामन्यातही तो उतरला आणि तीनपैकी दोन बसले. हंगाम ०.४०६ वर संपला. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगमध्ये पूर्ण हंगामात ०.४०० पर्यंत कोणी पोहोचलेले नाही. त्या ०.४०६ मध्ये न मोजलेले १४७ वॉक त्याने त्याच वर्षी घेतले होते.